माघारी कधी फिरायचे, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संरक्षित डोंगरी जंगलांची ओळख करून देणारे लेख पर्यटन पुरवण्यांत अलीकडे वरचेवर येतात. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर त्यांत असते, धबधबा कुठे आणि कडा कुठे हे असते, आणि ‘माथ्यावरचा सूर्यास्त चुकवू नका’ हा सल्ला तर ठरलेलाच. माघारी किती वाजता फिरायचे, हे मात्र नसते. आमच्या मते अशा लेखातली सर्वांत गरजेची माहिती तीच. माथ्यावर थांबून सूर्यास्त पाहणाऱ्याला पुढचे सगळे जंगल अंधारात उतरावे लागते, एवढी साधी गोष्ट लेखाच्या सुरुवातीलाच सांगायला हवी.

आधी अंतराबद्दल. किलोमीटर हा सपाट रस्त्याचा हिशेब आहे. डोंगरात मोजायची ती चढाई: पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक, शिवाय मध्ये उतरून पुन्हा चढावे लागते त्या टप्प्यांची बेरीज. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये यासाठी एक आडाखा मांडला आणि तो आजही वापरात आहे. आजच्या मापांत सांगायचे तर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. पण हा आडाखा सराव असलेल्या धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. दाट जंगलातली वाट म्हणजे उघडी पडलेली मुळे, शेवाळलेले दगड, मध्येच आडवे पडलेले झाड, दोन-तीन ओढे. नवखी माणसे असलेल्या गटाने तिथे ताशी ३ किलोमीटरच धरावेत. शिवाय गटाचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग. पुढे जाऊन त्याची वाट पाहत बसणाऱ्यांमुळे वेळ वाचत नाही. उलट तो पोहोचला की लगेच सगळे उठतात आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज, नेमकी त्यालाच ती मिळत नाही.

उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन १२ किलोमीटर, चढाई ९०० मीटर. चढताना ६ किलोमीटरचे दोन तास, चढाईचा दीड तास आणि दर तासाला दहा मिनिटे दम घ्यायला, असे मिळून चार तास पाच मिनिटे. उतरताना दोन तास वीस मिनिटे. सूर्य सहाला मावळत असेल तर चारला पायथ्याशी पोहोचायचेच, असे धरून चालावे. मधले दोन तास कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, ओढ्याचे पाणी चढले, तर त्यासाठी राखीव. रमतगमत फोटो काढण्यासाठी नव्हेत. म्हणजे माघारी फिरायची वेळ येते सुमारे १ वाजून ४० मिनिटे. हाताशी थोडे राहावे म्हणून दीड धरू. आता उलट मोजा. माथ्यावर पाऊण-एक तास थांबायचे असेल तर पायथा सोडायला साडेआठपेक्षा उशीर चालत नाही. ‘अवघे सहा किलोमीटर’ वाचून लोक अकराला पोहोचतात ते इथेच फसतात. दीड वाजता ते अर्ध्या-पाऊण वाटेवर असतात आणि ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून पुढे जातात.

ही वेळ घरी बसून, कागदावर ठरवायची असते. माथा समोर दिसायला लागला की माणसाचा निवाडा बिघडतो. तिथे हिशेब करायला बसू नये, आधी केलेला पाळावा. दीड वाजला आणि माथा वीस मिनिटांवर असला तरी फिरावे. त्या वीस मिनिटांची जाऊन-येऊन चाळीस होतात, माथ्यावरचा अर्धा तास त्यात आपोआप मिसळतो, आणि दोन तासांच्या राखीव वेळातला निम्म्याहून अधिक तिथेच संपतो.

उतार सोपा असतो हा दुसरा गैरसमज. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळे वजन तोलत असतो आणि या कामाने तो लवकर झिजतो. दोनेक तासांनी गुडघे लटपटू लागतात. त्यात पोटात काही नसते, पाणी संपलेले असते, लक्ष घराकडे लागलेले असते. पावले छोटी टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, टाच आपटू नये, आणि सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर एकाच्या बरोबर वर दुसऱ्याने उभे राहू नये, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. हे सगळे उजेडात आणि सवडीने करायचे काम आहे. झाडीत आणि दरीत अंधार सूर्यास्ताच्या बराच आधी उतरतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता या पत्रातला मुख्य मुद्दा. उशीर म्हणजे फक्त जाणाऱ्याचा धोका, असे समजले जाते. आमचे म्हणणे असे की जंगलाचे नुकसानही उशीर झालेलाच माणूस जास्त करतो. नियम ठाऊक असलेली, एरवी जबाबदार असलेली माणसेही अंधार पडायला लागला की तेच नियम मोडतात.

नागमोडी वाटेचेच पाहा. उशीर झालेला गट वळणे कापून सरळ खाली उतरतो. वाट नागमोडी केलेली असते ती चढ सोपा व्हावा म्हणून, आणि तितकीच पावसाच्या पाण्याला सरळ धावता येऊ नये म्हणूनही. दहा-वीस जण एका रेषेत उतरले की गवत आणि पालापाचोळा निघून जातो. पुढच्या पावसात पाणी ती रेष पकडते, तिची नाळी होते, वरची माती वाहून जाते. खडक उघडा पडला की तिथे पुन्हा झाड धरायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. चिखलाला बगल देऊन कडेने जाणाऱ्यांमुळेही असेच होते: एक वाट होती तिथे चार होतात. चिखल असेल तर चिखलातूनच जावे. बूट धुता येतात.

प्राण्यांचेही तसेच. बरेच प्राणी दिवस कलता कलता पाण्यावर यायला बाहेर पडतात. दिवसभर माणसे होती म्हणून त्यांनी टाळलेली वाट त्या वेळी त्यांची असते. उशिरा उतरणारा गट घाबरून मोठ्याने बोलतो, गाणी लावतो, टॉर्च इकडेतिकडे फिरवतो, आणि जनावर पाण्यावर न येताच परत फिरते. अंतर किती ठेवावे याचा एक सोपा आडाखा आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला तर अंतर ठीक, नाही तर मागे सरका. मोठे जनावर समोर आले तर पळू नये, पाठ फिरवू नये, हळूहळू मागे यावे आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. पिल्लू आणि त्याची आई यांच्या मध्ये कधीही येऊ नये.

आगीबद्दल फार कळकळीने लिहावेसे वाटते. रात्र पडली, थंडी वाजली की ‘छोटीशी शेकोटी’ पेटते. जंगलातली जमीन ही नुसती माती नसते. वरचा थर कुजणाऱ्या पानांचा आणि मुळांचा असतो, आणि तो स्वतःच जळतो. वरून विझलेली दिसणारी आग मुळाच्या आधाराने आत धुमसत राहते आणि काही दिवसांनी भलतीकडेच वर येते. त्यामुळे निखाऱ्यावर माती लोटणे हा विझवण्याचा मार्ग नव्हे. मातीखाली उष्णता टिकते. पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे, आणि राखेला उघडा हात लावता आला तरच जागा सोडायची. इतके पाणी माथ्याजवळ कुणाजवळच नसते. म्हणून शेकोटी नाहीच. मुक्कामाची परवानगी असेल तिथे गॅसचा छोटा स्टोव्ह पुरतो, आणि थंडीसाठी एक जास्तीचा कोरडा कपडा.

कपड्यांवरून हवामान. हवा दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. ९०० मीटर चढलात तर पायथ्यापेक्षा सुमारे सहा अंश कमी, आणि डोंगराच्या धारेवरचा वारा वेगळा. घामाने भिजलेला सुती कपडा त्या वाऱ्यात अंगाची ऊब झपाट्याने ओढून घेतो. गोठवणारी थंडी नसतानाही माणूस गारठून आजारी पडतो तो यामुळे. अंगात हुडहुडी भरणे, बोटांनी चेन लावता न येणे, जीभ जड होणे, चालताना अडखळणे ही त्याची पायरीपायरीने येणारी लक्षणे. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाते ती खरी घातक अवस्था. थरथर थांबली आणि माणूस मात्र उबदार झालेला नाही, ही सुधारणा नसून धोक्याची खूण आहे. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घालावेत, वाऱ्यापासून आडोसा द्यावा, त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये सॅक किंवा दोर काहीही घालावे, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम प्यायला द्यावे. दारू मुळीच नाही. तिने त्वचेकडे रक्त धावते, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते.

दुपारी ढग का जमतात हेही सांगावे. उन्हाने उतार तापतात, त्यांना लागून हवा वर चढते, वर जाऊन थंड होते आणि माथ्यावर ढग बांधते. निरभ्र सकाळ पाहून निघालेल्यांना तिसऱ्या प्रहरी गडगडाट गाठतो. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. धार, माथा आणि एकटे उंच झाड तत्काळ सोडावे, गटाने एकमेकांपासून लांब राहावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे वर जाऊ नये. माघारी फिरायची वेळ दुपारी लवकर ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

पाणी तासाला अर्धा लिटर हे साधारण प्रमाण, कडक उन्हात त्याच्या दुप्पट. वरच्या उदाहरणात माणशी तीन ते चार लिटर होते. त्याबरोबर खारट काही खावे. घाम गाळत नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातले मीठ पातळ होते आणि त्यानेही माणूस आजारी पडतो. ओढ्याचे पाणी नितळ दिसते म्हणून प्यायचे नसते. वरच्या अंगाला कोणते जनावर मरून पडले आहे हे खालून दिसत नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळते. क्लोरीनच्या गोळ्या बहुतेक जंतूंवर चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना दाद देत नाही.

शौचाला बसायचे ते पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ऐंशी पावले, दूर. खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल, कारण कुजवणारे जीव मातीच्या वरच्याच थरात जास्त असतात. फार खोल पुरले तर ते तसेच राहते आणि उथळ पुरले तर जनावरे उकरतात. कागद पिशवीत घालून परत आणावा. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी ओढ्यात वापरू नये.

फळांच्या साली फेकणाऱ्यांचे म्हणणे असते की त्या कुजतात. कुजतात, पण थंड उंचीवर त्याला फार वेळ लागतो, आणि तोवर वाटेच्या कडेला खायला मिळते हे जनावर शिकते. याचा शेवट कसा होतो ते अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात दिसले आहे. तिथली अस्वले कित्येक दशके कचऱ्याच्या खड्ड्यांवर जगली. १९७० मध्ये शेवटचे खड्डे बंद झाल्यावर ती अन्न शोधत तंबूंकडे वळली आणि त्यांतली अनेक मारावी लागली. १९७५ मध्ये ग्रिझली अस्वलाची नोंद धोक्यातल्या प्राण्यांत करावी लागली. साल टाकणारा माणूस घरी जातो. किंमत जनावर मोजते.

बुटांबद्दल सहसा कुणीच लिहीत नाही. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाच्या प्रचंड वृक्षांना मुळांकडून मारणारा एक रोगजंतू मातीतून पसरतो, आणि टाचणीच्या टोकाएवढी मातीही त्याला पुरते. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगररांगेतले जंगल २०१८ मध्ये याच कारणाने लोकांसाठी बंद करावे लागले. तिथे वाटेच्या तोंडाशी बूट साफ करायची सोय असते: आधी ब्रशने माती पूर्ण खरवडायची, मगच जंतुनाशक, कारण मातीच्या थराखाली औषध पोहोचत नाही. अशी सोय नसली तरी निघण्याच्या आदल्या दिवशी बुटांचे तळ, काठीचे टोक आणि मोज्यांना चिकटलेली कुसळे साफ करायला दहा मिनिटे लागतात. आधीच्या जंगलातले बी या जंगलात नेऊ नये.

वाट चुकली तर काय करावे, हे प्रत्येक लेखात असावे. चुकल्याची शंका येताच थांबावे. बसावे, पाणी प्यावे, शेवटची खात्रीची खूण कोणती होती ते आठवावे, आणि आल्या वाटेनेच तिथवर परत जाता येत असेल तरच जावे. गुराढोरांच्या आणि रानजनावरांच्या वाटा सुरुवातीला अगदी मळलेल्या दिसतात आणि पाण्यापाशी किंवा झुडपात विरतात. ‘ओढ्याच्या कडेने उतरले की गाव लागते’ हा सल्ला डोंगरात जिवावर बेततो. ओढा कड्यावरून उडी मारतो, माणसाला ती मारता येत नाही, आणि निसरड्या दगडांवरून परत वर चढणे बहुधा शक्य नसते. गटाने फुटू नये. मदतीची आंतरराष्ट्रीय खूण सोपी आहे: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चचा झोत, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. मिनिटात तीन वेळा उत्तर आले की कुणीतरी ऐकले असे समजावे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नव्हे. ओरडण्याने घसा तासाभरात बसतो.

टॉर्च प्रत्येकाचा स्वतंत्र, डोक्याला बांधायचा. मोबाइल हा टॉर्च नव्हे. रेंज शोधत राहिल्याने त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि फोन विमान मोडवर ठेवावा. उपग्रहावरून ठिकाण कळण्यासाठी रेंज लागत नाही. मात्र दाट झाडीत आणि कड्याच्या पोटात ते ठिकाणही चुकीचे दाखवले जाते, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत असू द्यावे. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दाटीवाटीने आल्या की तिथे कडा आहे, एवढे वाचता आले तरी मोठे संकट टळते. आणि घरी एका माणसाकडे लिहून ठेवावे: कोणती वाट, किती जण, परत किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर वनखात्याला कळवायचे.

परवानगी म्हणजे तिकीट नव्हे, हेही वाचकांना सांगावे. अमेरिकेत ३ सप्टेंबर १९६४ रोजी रानप्रदेशांच्या रक्षणाचा जो कायदा झाला, त्याने अशा क्षेत्रात मोटारीच नव्हे, इतर यांत्रिक वाहनांनाही बंदी घातली; पक्के रस्तेही नाहीत. अशा जागेचे रक्षण म्हणजे तिथे सोयी न करणे. कठडे, पूल, दिवे नसतात ते प्रशासनाच्या दुर्लक्षामुळे नसतात असे नाही. ते मुद्दाम नसतात. याचा सरळ अर्थ असा की जखमी माणसाला खाली आणायला येणारेही बहुधा पायीच येतात आणि त्यांना कित्येक तास लागतात. परवानगी घेताना नोंदवहीत लिहिलेली वाट आणि परतीची वेळ पाहूनच शोध सुरू होतो. ऐनवेळी वाट बदलली तर तो चुकीच्या डोंगरावर होतो. विणीच्या किंवा वणव्याच्या काळात भाग बंद असतो, गटातल्या माणसांची संख्या ठरवून दिलेली असते, ड्रोन चालत नाही. कड्यावर घरटे असलेला पक्षी ड्रोनला शत्रू समजतो आणि अंडी उघडी टाकून त्याच्यावर झेपावतो.

म्हणून विनंती अशी की अशा जंगलावरच्या प्रत्येक लेखासोबत आपण एक छोटी चौकट द्यावी. तीत एकूण चढाई मीटरमध्ये, नवख्या गटाला लागणारे तास, त्या महिन्यातली सूर्यास्ताची वेळ, पायथा सोडायची आणि माघारी फिरायची शेवटची वेळ, पाणी नेमके कुठे आणि कोणत्या महिन्यापर्यंत मिळते, परवानगी कुठे मिळते, भाग कधी बंद असतो, एवढे असावे. लेखकाने ती वाट त्याच ऋतूत स्वतः चाललेली असावी आणि चालल्याचा महिना चौकटीत छापावा. पावसाळ्यानंतरचे पाणी उन्हाळ्यात नसते. घरट्यांची, गुहांची आणि दुर्मीळ फुलांची नेमकी जागा मात्र देऊ नये, छायाचित्राखालीही नाही. आणि सूर्यास्ताचा सल्ला द्यायचाच असेल तर तो पायथ्याशी पोहोचून पाहण्याचा द्यावा.

आपले,
डोंगरवाटा चालणारे काही वाचक